आधी बीळ, मग काच

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : पाळीव मँटिस श्रिम्पसाठी टाकीची निवड

महोदय,

मोरपिसाचे रंग ल्यालेला आणि एका ठोशात खेकड्याचे कवच फोडणारा मँटिस श्रिम्प हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींतून घरोघरी पोहोचला आहे. त्यामागोमाग ‘असला एक पाळायचा आहे’ म्हणणारेही कोल्हापुरात भेटू लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काच किती एमएमची घ्यायची?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर पाचवा-सहावा लागतो. खाऱ्या पाण्याची मत्स्यालये सांभाळणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत ते एवढ्याचसाठी, की या प्राण्याची टाकी काचेपासून नव्हे, बिळापासून मोजायला घ्यावी लागते. पैलवान उतरवण्याआधी वस्ताद हौद्यातली माती बघतो, तसेच हे.

नावात श्रिम्प असले तरी हा प्राणी कोळंबी नव्हे. कवचधाऱ्यांतला त्याचा गणच वेगळा. पुढचे पाय छातीशी दुमडून बसण्याची ढब आपल्याकडच्या खंडोबाच्या किड्यासारखी. त्या किड्याचे इंग्रजी नाव याला चिकटले. चारशेहून अधिक जातींची दोन ढोबळ घराणी करता येतात. एक हातोडेवाल्यांचे, ज्यांच्या दुमडलेल्या पायाचे टोक गदेसारखे फुगीर असते. दुसरे भालेवाल्यांचे, ज्यांच्या पायाला काटेरी पाते असते आणि जे वाळूत दबा धरून डोक्यावरून जाणारा मासा टोचून आत ओढतात. चित्रफितींतला रंगीत गडी म्हणजे पीकॉक (मोर) मँटिस, शास्त्रीय नाव ओडॉन्टोडॅक्टिलस सिलारस. हा हातोडेवाला, वाढून १८ सेंटीमीटरपर्यंत जातो. विक्रीला येतो तेव्हा बहुधा १० ते १२ सेंटीमीटरचा असतो, आणि इथेच पहिली चूक होते : टाकी आजच्या मापाची घेतली जाते.

गोनोडॅक्टिलस गटातल्या छोट्या हातोडेवाल्यांना, म्हणजे बोटभर लांबीच्या जातींना, ४० ते ५० लिटरची टाकी पुरते. आमचे मत विचाराल तर नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. रंग थोडे कमी, पण स्वभाव तोच, आणि दिवसाउजेडी बिळाबाहेर डोकावण्यात हे मोरापेक्षा धीट. मोठ्या भालेवाल्यांच्या वाटेला मात्र घरात कुणी जाऊ नये. त्यांतली लिसिओस्क्विलिना मॅक्युलाटा ही जात ३० सेंटीमीटरच्या वर वाढते आणि तिला बारीक वाळूचा फूट-दीड फूट थर लागतो. एवढी वाळू पेलणारी टाकी दिवाणखान्यात बसत नाही.

रत्नागिरी-मालवणकडच्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे मँटिस येतात, तेही बहुतेक भालेवालेच, मऊ गाळात बिळे करून राहणारे. जाळ्यात घासटून, बर्फाशेजारी पडून आलेला हा जीव फुकट मिळाला तरी टाकीत तगत नाही. पाय तुटलेले असतात, शेपटीचे पंखे फाटलेले असतात. तो विषय तिथेच सोडावा.

यापुढे जे लिहितो ते पीकॉक मँटिसपुरते.

निसर्गात हा प्राणी खडी, वाळू आणि प्रवाळाचे तुकडे मिसळलेल्या तळावर इंग्रजी यू अक्षरासारखे बीळ करतो. दोन तोंडे, मधला भाग अंधारा. दिवसाचा मोठा भाग तो आतच असतो. बीळ मनाजोगते नसेल तर तो आधी काचेच्या कोपऱ्यात खणत राहतो, मग खाणे टाकतो, आणि उघड्यावर कात टाकायची वेळ आली तर बऱ्याचदा त्यातच मरतो. कृत्रिम बीळ करायला दोन इंची पीव्हीसी पाइप उत्तम. १५ सेंटीमीटरच्या प्राण्याची रुंदी साधारण तीन सेंटीमीटर भरते. बिळात दिशा बदलताना तो अंगाची घडी करून कोलांटी मारतो, तेवढी जागा त्याला हवी. पण पाठ-पोट भिंतीला टेकत नाही इतके रुंद बीळही त्याला सुरक्षित वाटत नाही. म्हणून चार इंची ड्रेनेजचा पाइप देऊन ‘ऐसपैस घर दिले’ असे समजू नये.

मापे अशी. मधला आडवा तुकडा ४० सेंटीमीटर. दोन्ही टोकांना ४५ अंशांचे एल्बो. काटकोनी एल्बो टाळावेत, वाकताना शेपूट अडते. एल्बोंमधून वर येणारे तुकडे एवढे, की तोंडे वाळूच्या वर दोन-तीन सेंटीमीटर राहतील. पाइप पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचा घ्यावा. जोड नुसते दाबून बसवावेत, सोल्युशन लावू नये. त्यातले द्रावक पाण्यात उतरते, आणि पुढे बीळ वाढवायचे झाले तर जोड सुटायलाही हवेत. आतली बाजू खरखरीत पॉलिश पेपरने घासून घ्यावी. गुळगुळीत पाइपात पाय घसरतात, खडेही टिकत नाहीत. बीळ बघायचे असेल तर आडवा तुकडा लांबीत चिरून त्याची उघडी बाजू पुढच्या काचेला सिलिकॉनने चिकटवतात आणि काचेवर बाहेरून काळा कागद लावतात. कागद क्षणभर बाजूला केला की आत पाय दुमडून बसलेली स्वारी आणि देठावर सुटे-सुटे फिरणारे तिचे दोन डोळे दिसतात. कागद लगेच परत लावायचा. तो कायमचा काढून ठेवला की प्राणी महिनाभरात दुसरे बीळ खणायला लागतो.

हे सगळे बीळ जमिनीवर मांडून टेपने मोजा. टोकापासून टोकापर्यंत साधारण ६५ सेंटीमीटर भरते. दोन फुटी टाकी ६० सेंटीमीटरची. म्हणजे १०० लिटरची दोन फुटी टाकी पाणी म्हणून पुरेल-न पुरेलच्या काठावर असली तरी बीळ म्हणून बसतच नाही. तीन फुटी टाकीत बीळ बसून पुढे २५ सेंटीमीटर अंगण उरते, आणि अंगण त्याला लागतेच : शिकार तिथे, शंख-शिंपल्यांचा उकिरडा तिथे. म्हणून आमची शिफारस तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. उंची याहून वाढवण्यात अर्थ नाही. हा तळावर चालणारा प्राणी आहे. दोन फूट उंच टाकी दिसायला झोकात असते, पण साफसफाईला हात तळापर्यंत पोहोचत नाही, काच मात्र जास्त जाड लागते.

अशा टाकीचे वजन दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे मांडतो. काचा ४० किलोच्या वर, प्रवाळ-वाळू ६० ते ६५ किलो, प्रत्यक्ष पाणी सुमारे १२० लिटर, दगड १५ किलो. एकूण अडीचशे किलोच्या आसपास, तेही साडेचार चौरस फुटांवर. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत लाकडी तुळयांचा माळा असतो. तिथे ही टाकी ठेवू नये. उद्यमनगरात अँगलचा स्टँड सहज करून मिळतो, पण त्याला इपॉक्सी रंगाचे दोन हात किंवा पावडर कोटिंग हवेच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून मीठ सांध्यांत शिरते, आणि साध्या ऑइल पेंटखाली लोखंड वर्षभरात पोपडे धरते. स्टँडवर सनमायका नसलेला जाड प्लायवूड, त्यावर थर्मोकोलचा अर्धा इंची थर, मग टाकी. वेल्डिंगचा एखादा मणी वर राहिला असेल तर थर्मोकोल तो पोटात घेतो. नाहीतर सगळे वजन त्या एका मण्यावर येऊन तळाची काच तडकते, आणि आळ बिचाऱ्या मँटिसवर येतो.

आता काच. पीकॉक मँटिसचा ठोसा सेकंदाला २३ मीटरपर्यंतच्या वेगाने पडतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर. शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही मोजणी प्रसिद्ध केली. वेग इतका, की गदेमागे पाण्यात क्षणभर पोकळी तयार होते आणि ती मिटताना दुसरा तडाखा बसतो. म्हणजे एका फटक्यात दोन मार. इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात १९९८ साली ‘टायसन’ नावाच्या मँटिसने टाकीची काच फोडली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. सांगताना ती काच पाव इंची होती हे मात्र बहुतेक वेळा गाळले जाते. पाव इंच म्हणजे सहा एमएम. आपल्याकडे दोन-तीन फुटी रेडीमेड टाक्या साधारण याच किंवा याहून पातळ काचेच्या असतात. तेवढे लक्षात ठेवले की भीतीही हिशेबात राहते आणि बेफिकिरीही.

तीन फुटी टाकीला चारही बाजू १० एमएम आणि तळ १२ एमएम घ्या. साधी फ्लोट काच घ्यावी, टफन्ड (तापवून कडक केलेली) नको. टफन्ड काच सपाट मार जास्त सोसते हे खरे, पण कडेला किंवा एका बिंदूवर टोकदार फटका बसला की तिचा एका क्षणात चुरा होतो आणि सव्वाशे लिटर पाणी घरभर पसरते. साध्या काचेला आधी टवका जातो किंवा रेघ पडते, सावध व्हायला वेळ मिळतो. शिवाय टफन केल्यावर काचेला भोक पाडता येत नाही. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारे, मत्स्यालयासाठीचे असावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते इथे विषच. टाकी जोडून झाल्यावर आठवडाभर पूर्ण वाळू द्यावी, मग दोन-तीन दिवस साध्या पाण्याने भरून गळती बघावी.

अॅक्रिलिक मार जास्त सोसते, हेही खरे. परंतु पाट्या आणि डिस्प्लेच्या पेट्या करणारे कारागीर क्लोरोफॉर्मने जे जोड देतात, ते पाण्याच्या एवढ्या वजनाला नसतात. वर्षभराने सांध्यात केसासारख्या रेषा दिसू लागतात. लांब बाजू फुगते, आणि शेवाळ पुसताना चुंबकात एक वाळूचा कण अडकला की फूटभर ओरखडा कायमचा. बोटभर मँटिसच्या दीड फुटी टाकीला अॅक्रिलिक चालेल. तीन फुटीला काच आणि तळाला आतून अॅक्रिलिकचे अस्तर, हा आम्हाला पटलेला मेळ. अस्तर म्हणजे पाच-सहा एमएमचा पत्रा, तळापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर कमी कापून आत ठेवायचा आणि कडा सिलिकॉनने बुजवायच्या. सिलिकॉन अॅक्रिलिकला घट्ट धरत नाही, पण इथे काम फक्त वाळू खाली जाऊ न देण्याचे आहे. हातोडेवाला खणत-खणत तळाला भिडतो, आणि नको असलेला खडा तिथेच फोडतो. सगळ्यात जास्त मार तळालाच बसतो.

उभ्या काचेवर ठोसा पडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, काचेवर चढलेली गोगलगाय. शेवाळ खाण्यासाठी लोक हौसेने शंख-गोगलगाई सोडतात, त्या काचेला चिकटून फिरतात, आणि मँटिस शिकारीवर नेम धरतो तेव्हा मागे काच आहे याचा हिशेब ठेवत नाही. दोन, स्वतःचे प्रतिबिंब. खोलीत अंधार आणि टाकीत झगझगीत दिवा असला की काच आतून आरसा होते. उपाय सोपे : गोगलगाय सोडायची ती फक्त खाऊ म्हणून, तीही बिळाच्या तोंडाशी, मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून मळकट काळ्या रंगाची करायची, चकचकीत फिल्म लावायची नाही, आणि दिवा मंद ठेवायचा.

दिव्याबद्दल दोन शब्द जास्त. पीकॉक मँटिस बऱ्याचदा १० ते ३० मीटर खोलीवर राहतो, तिथे उजेड निळसर आणि अंधुक. प्रवाळ वाढवायला लागणारे प्रखर एलईडी त्याच्यावर सोडले की तो बाहेर येत नाही, आणि कवचावर काळपट खड्डे पडण्याचा रोग या जातीत प्रखर उजेडाशी जोडला गेला आहे. बर्कले विद्यापीठाचे रॉय काल्डवेल यांनी मँटिसवर आयुष्यभर काम केले आहे; अंधारे बीळ आणि मंद उजेड यांवर त्यांचा भर राहिलेला आहे. निळसर छोटा दिवा, दिवसाला सहा-सात तास, पुष्कळ झाला. ‘मोराबरोबर प्रवाळही’ हा हट्ट सोडावा.

तळ पुन्हा बघू, कारण टाक्या फुटतात त्या ठोशापेक्षा दगड कोसळून जास्त. थर १० ते १२ सेंटीमीटरचा हवा. दोन भाग एक ते तीन एमएमची प्रवाळ-वाळू, एक भाग करंगळीच्या पेरापासून अंगठ्याएवढे तुकडे. नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळते. तोंडाशी बांधकाम करायला त्याला तुकडे लागतात. नदीची वाळू धुतली तरी माती सोडत राहते, आणि बांधकामाची एम-सँड तर टोकदार चुराच. मोठे दगड आधी अस्तरावर टेकवायचे, मग वाळू ओतायची. वाळूवर दगड ठेवला की मँटिस एका रात्रीत खालची वाळू उपसतो आणि दगड काचेवर नाहीतर त्याच्याच पाठीवर येतो. दगड कोणता, हाही प्रश्न आहे. प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा खडक पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे, हौस म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. मग पन्हाळ्याच्या वाटेवरचा भोकाभोकांचा जांभा डोळ्यांत भरतो. दिसायला तो प्रवाळाच्या खडकासारखाच, पण त्यात लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे ठासून भरलेली असतात, त्याचा भुगा पाण्यात सुटतो आणि शेवाळाचे रान माजते. जांभा नको. मत्स्यालयासाठी मिळणारे कोरडे सिरॅमिक दगड किंवा सरळ पीव्हीसी आणि मातीची न रंगवलेली कुंडी, एवढ्यावर काम भागते.

झाकण हवेच, जाळीचे आणि क्लिपने बसणारे. हा प्राणी पाइप आणि वायर धरून वर येऊ शकतो. आतली वस्तू जितकी कमी तितके बरे : काचेचा हीटर फुटतो, थर्मामीटर फुटतो, वायर कुरतडली जाते. म्हणून खाली दीड-दोन फुटी संप, म्हणजे जोडटाकी, ठेवून हीटर, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र), सगळे तिथे न्यावे आणि मुख्य टाकीला वरच्या कोपऱ्यात एक इंची भोक पाडून पाणी उतरवावे. भोकाला दातेरी जाळी लावावी, नाहीतर बारका मँटिस त्यातून संपमध्ये जाऊन बसतो आणि मालक आठवडाभर वाळू चाळत राहतो. स्किमर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. मांसाहारी प्राणी, शंखांत अडकलेले मांस, सगळा भार पाण्यावरच येतो. दुसरा प्राणी सोडू नये, मासाही नको. एका टाकीत एकच.

पाण्याला लागणारे मीठ म्हणजे मत्स्यालयाचे सिंथेटिक सी सॉल्ट, लिटरला साधारण ३६ ग्रॅम. १२० लिटरला सव्वाचार किलोच्या आसपास. बाजारातले खडेमीठ समुद्राचेच असले तरी मिठागरात सोडियम क्लोराइड वेगळे पडून मॅग्नेशियम, कॅल्शियम मागे राहिलेले असते. कवच बांधणाऱ्या प्राण्याला नेमके तेच लागते. रत्नागिरीहून कॅन भरून पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यानंतरचे किनाऱ्याचे पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, एकदा बघावे. क्षारता हजारी ३५ भाग, तापमान २३ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली. रिफ्रॅक्टोमीटर ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून वर दोन भागांची चूक राहू शकते. घाण पचवणारे जिवाणू तयार व्हावेत म्हणून प्राणी आणण्याआधी चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवावी, अमोनिया घालून तो चोवीस तासांत शून्यावर येतो का हे बघेपर्यंत.

मीठ मिसळायचे ते आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरचे पाणी जड. घरातल्या आरओवर विसंबायचे असेल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद आहे का ते आधी पाहा, नाहीतर कच्चे पाणी मिसळतच राहते. आणि हल्ली घरोघरी दिसणारा ‘कॉपर’वाला आरओ असेल तर त्याचे पाणी या टाकीत एक थेंबही घालू नका. माणसाला तांबे चालते, कवचधाऱ्याला ते अगदी थोडेही विषारी. त्याच कारणाने पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी घागरीत साठवायचे नाही, पितळी बॉल व्हॉल्व्ह लावायचा नाही, आणि माशांच्या रोगावर जिथे तांबेयुक्त औषध वापरले गेले आहे ती जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही. ते सिलिकॉनमध्ये आणि दगडांत मुरलेले असते.

कोल्हापूरच्या हवेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८ च्या घरात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १४-१५. हिवाळ्यात १५० वॉटचा हीटर पुरतो. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, पण वळीव पडून हवा दमट झाली की पंखा निकामी. ज्या घरात खोलीच ३४ ला जाते तिथे चिलरला पर्याय नाही, आणि तो खर्च झेपणार नसेल तर मोठ्या टाकीचा विचार तिथेच थांबवावा. पंख्याने दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडते. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. ४० लिटरच्या टाकीतून दीड लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून ३६.४ होते, १२० लिटरमध्ये तेवढ्याने ३५.४. लहान टाकी सांभाळायला सोपी, हा समज इथे उलटा पडतो.

वीज गेली की पंप थांबतो आणि खोल बिळातले पाणी सगळ्यात आधी शिळे होते. इन्व्हर्टरवर बाकी काही नसले तरी चार-पाच वॉटचा एअर पंप हवाच. आणि पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि शहराचे नळ बंद पडले. जूनअखेर ६० लिटर आरओ पाणी आणि दोन किलो मीठ बाजूला काढून ठेवावे. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत तळमजल्यावर ही टाकी लावूच नये. अडीचशे किलो ऐनवेळी वरच्या मजल्यावर जात नाही. प्राणी हलवायचा झाल्यास जाळीने पकडू नका, हाताने तर नाहीच. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी पाण्यात आडवी धरायची आणि मागून पाइपच्या तुकड्याने हळूच सरकवायचे. एरवीही टाकीत हात घालण्याऐवजी फूटभर लांबीचा चिमटा आणि सायफनची नळी वापरावी.

तो नको झाला म्हणून रंकाळ्यात सोडून द्यायचा विचारही करू नये. हा समुद्राचा जीव आहे. गोड्या पाण्यात तो तडफडून मरेल.

खाऊ आठवड्यातून दोन-तीनदा : मासळीबाजारात येणाऱ्या तिसऱ्या, खुबे, लहान खेकडे, घरी आणून दोन-तीन दिवस गोठवून, मग कवचासकट. कवचासकटच का, ते रात्री दिवाणखान्यात ‘टक्’ असा आवाज ऐकला की कळते. उरलेले मांस दोन तासांत बाहेर काढावे.

दर काही महिन्यांनी एक दिवस तो खाणे बंद करतो आणि बिळाची दोन्ही तोंडे बुजवायला घेतो. तोंडाशी बसून खडा उचलतो, फिरवून बघतो, बसला नाही तर टाकून दुसरा घेतो. शेवटचा खडा आतून ओढून घेतला की काम संपले. ही कात टाकण्याची तयारी. आठवडा-दोन आठवडे काही दिसत नाही, आणि घाबरून पाइप उकरणारे याच वेळी प्राणी घालवतात. नवे कवच आणि नवी गदा कडक व्हायला काही दिवस लागतात, तोवर शिंपले न देता सोललेले मांस द्यावे. तोंड उघडले की बाहेर रिकामे कवच पडलेले सापडते, डोळ्यांच्या खोळींसकट. ते पट्टीवर ठेवून लांबी आणि रुंदी वहीत लिहून ठेवावी. पुढचा पाइप दोन इंची की अडीच, हे त्या आकड्यावरून ठरते.

आपले,
खाऱ्या पाण्याची मत्स्यालये सांभाळणारे काही वाचक,
कोल्हापूर